ग्राबेनवरची सोनेरी मधमाशी

व्हिएन्ना शहराच्या मध्यभागीं ग्राबेन नांवाचा प्रशस्त रस्ता आहे. ग्राबेन म्हणजे खंदक. रोमन छावणीचा खंदक येथें होता. प्रवासी येथें येतात ते बहुधा प्लेगाच्या साथीचा स्मारकस्तंभ पाहण्यासाठीं. आम्ही मात्र मान वर करून २१ क्रमांकाच्या इमारतीचा माथा न्याहाळीत होतों. तेथें एक सोनेरी मधमाशी बसली आहे.

ही वास्तु ऑस्ट्रियांतील पहिल्या बचत-पेढीची. गरिबांना चार पैसे शिल्लक टाकतां यावेत म्हणून योहान बाप्टिस्ट वेबर या धर्मगुरूंच्या पुढाकारानें १८१९ सालीं ती निघाली, आणि तिचें पहिलें पासबुक मिळालें तें मारी श्वार्त्स नांवाच्या एका मुलीला. मधमाशी हें त्या पेढीचें चिन्ह. थेंबे थेंबे तळें साचतें, हें तिच्याहून चांगलें कोण सांगणार?

पुढें १९५० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रियाच्या बचत-पेढ्यांनीं खास मुलांसाठीं एक चित्रपुरुष निर्माण केला. त्याचें नांव 'श्पारेफ्रो', म्हणजे आनंदानें बचत करणारा. पोट नाण्याचें, चेहरा हंसरा. १९२४ सालीं मिलान येथील परिषदेंत ३१ ऑक्टोबर हा जागतिक बचतदिन ठरला होता; त्या सुमारास मुलें आपापले गल्ले घेऊन पेढींत जात आणि भेटवस्तु घेऊन परत येत.

जुन्या वस्तूंच्या बाजारांत आमच्या नातीला त्याचें चित्र असलेला एक गल्ला दिसला होता. मधमाशीकडे पाहतां पाहतां तिनें विचारलें, "आजोबा, हिचा मध कोणासाठीं?"

"पोळ्यांतल्या सर्वांसाठीं, बाळ. थंडींत फुलें नसतात ना!"

"मग श्पारेफ्रोचे पैसे कोणासाठीं?"

मला चटकन् उत्तर सुचेना. पेढीनें काढविलेल्या चित्रांत गिऱ्हाइक जोडण्याचा हेतु असणारच. त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण मुलाचा जीव बचतीवर जडतो कीं पेढीच्या भेटवस्तूवर, हें चित्रकारानें आधींच ठरविलें पाहिजे. शिवाय २००२ सालीं शिलिंग जाऊन युरो आला, आणि आतां तर पैसा फोनमधूनच येतो-जातो. नाण्याचें पोट आजच्या मुलाला काय सांगणार? मधमाशीच्या अंगावर नाणें नाहीं. तिच्याजवळ आहे तें काम, सांठा आणि घर. म्हणून तिचा अर्थ अजून शिळा झालेला नाहीं.

आपणहि मुलांच्या हातीं गल्ला देतों, 'पैसे टाक' म्हणून सांगतों. कोणासाठीं, तें मात्र सांगावयाचें राहून जातें.