पहिली वेच

१५ ऑगस्ट २०२४. झेंडावंदन आटोपून दुपारी आम्ही आठ जण आमच्या घरी जमलो. आठही खामगावचे, एकाच शाळेत शिकलेले. त्यातले पाच नोकरीला पुण्या-मुंबईला, राखीला जोडून सुटी काढून आलेले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा नवा हंगाम दुसऱ्या दिवशी रात्री साडेबाराला सुरू होणार होता आणि त्याआधी आम्हाला खेळाडू वाटून घ्यायचे होते.

या फँटसी फुटबॉलच्या खेळात प्रत्येकाला लीगच्या खेळाडूंतून पंधरा जणांचा संघ करावा लागतो, आणि खऱ्या सामन्यांतल्या त्यांच्या कामगिरीवर गुण मिळतात. दोन गोलकीपर, पाच बचावपटू, पाच मधल्या फळीतले आणि तीन फॉरवर्ड. एकानं घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. याला ड्राफ्ट म्हणतात, पण आमची घरं कापसाची, म्हणून आम्ही 'वेच' म्हणतो. पैसा लावायचा नाही हा आमचा पहिल्यापासूनचा नियम. जो शेवटी राहील त्यानं शेगावहून सगळ्यांना कचोरी आणायची, एवढंच.

चिठ्ठ्या काढल्या. माझ्या चिठ्ठीवर १ होता.

"तुले पयला नंबर लागला म्हणजे अर्धा हंगाम जिंकला तू," एक मित्र म्हणाला, आणि मलाही तसंच वाटलं. आठवडाभर मी एकाच प्रश्नावर झोप घालवली होती, हालांड की सलाह? हालांडनं आधीच्या दोन्ही हंगामांत सर्वांत जास्त गोल केले होते, पहिल्या वर्षी तर ३६. सलाहच्या बाजूनं गुणांचा हिशेब होता. फॉरवर्डच्या गोलला ४ गुण, मधल्या फळीतल्याच्या गोलला ५. सलाह खेळायचा पुढे, पण यादीत मधल्या फळीत होता, म्हणजे तोच गोल त्याच्याकडून एका गुणानं महाग. पण त्याचं वय ३२, करार पुढच्या उन्हाळ्यात संपणारा, आणि त्याच्या संघात क्लॉप जाऊन नवा प्रशिक्षक आलेला. मी हालांड म्हटलं. दुसऱ्या नंबरनं त्याच क्षणी सलाह उचलला.

बाबा ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. वहीतला क्रम बघून त्यांनी विचारलं, "पयल्यात हे घेतलं. मंग दुसऱ्या येचणीले काय राहीन?"

मी उत्तर दिलं नाही, कारण तो विचारच केला नव्हता. क्रम आठव्यापर्यंत जाऊन उलटा फिरतो. पहिला नंबर लागलेल्याला पुढची पाळी थेट सोळावी, आणि लगेच सतरावी. मध्ये चौदा नावं जातात. त्या चौदांत एका मागोमाग चार फॉरवर्ड गेले. एकानं इसाक घेतला, मग वॉटकिन्स, आणि मग सगळ्यांनाच धाक बसला की फॉरवर्ड संपतील. मधल्या नंबरवाल्यांना अशा वेळी पळत जाऊन एखादा तरी पकडता येतो. टोकाला बसलेल्याला फक्त बघता येतं.

माझी पाळी आली तेव्हा मी घाबरलो होतो. फॉरवर्ड गेले तर निदान सर्वांत चांगला गोलकीपर आपला असावा, म्हणून सोळाव्याला आर्सेनलचा राया घेतला आणि सतराव्याला त्याच संघाचा बचावपटू गॅब्रिएल. त्या दिवशी हे शहाणपण वाटलं होतं. पुढे काय झालं ते सांगतो. रायानं १३ सामन्यांत गोल खाल्ला नाही, हंगामातला उच्चांक. पण नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सेल्सचेही तेवढेच १३, आणि सेल्सला आमच्या आठांपैकी कुणीही वेचलं नव्हतं! चांगल्या आणि साधारण गोलकीपरमध्ये अंतर फार थोडं असतं. फॉरवर्डमध्ये ते डोंगराएवढं. सोळावी आणि सतरावी या जोडपाळीत मी दोन्ही फॉरवर्ड घेतले असते, तर धाक मी लावला असता. टोकावरच्याला तेवढा एकच डाव असतो, आणि तो मी गोलकीपरवर घालवला. बत्तिसावी पाळी येईस्तोवर ब्रेंटफर्डचा एम्ब्युमोही गेला होता. त्यानं पुढे २० गोल केले.

सुरुवात मात्र अशी झाली की मला कुणाची पर्वा वाटेना. हालांडचे पहिल्या पाच सामन्यांत दहा गोल. पोळ्यापर्यंत मी सर्वांच्या पुढे होतो. मग सप्टेंबरात हालांडच्या मँचेस्टर सिटीचा रॉड्री जायबंदी झाला आणि संघाची घडीच विस्कटली. २६ डिसेंबरची संध्याकाळ मला अजून स्पष्ट आठवते. सहा वाजता सामना सुरू झाला, एव्हर्टनशी. घरात दुसऱ्या वेचणीचा कापूस छातीएवढा रचलेला, त्याच्या बाजूला खुर्ची टाकून मी बघत होतो. १-१ असताना सिटीला पेनल्टी मिळाली. हालांडनं मारली, एव्हर्टनचा गोलकीपर पिकफर्ड यानं अडवली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न करता बाहेर गेले. ते समजून घेणं होतं. भाव पडल्याच्या दिवशी मीही त्यांच्यापुढून असाच उठून जातो.

त्या वर्षी मला सावरलं ते अठ्ठेचाळिसाव्या पाळीनं. उरलेल्यांत फॉरेस्टचा क्रिस वूड होता, तिशी ओलांडलेला, कुणाच्या नजरेत नसलेला. मित्र म्हणाले, "फरदड घेतली लेका." कापसात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक, ठेवू नये हे खरंच आहे, बोंडअळी त्यातच पोसली जाते. पण वूडनं २० गोल केले आणि फॉरेस्ट सातव्या नंबरवर आलं. हालांडचे अखेर २२. माझ्या पहिल्या वेचीत आणि सहाव्या वेचीत फरक फक्त दोन गोलांचा!

सलाहनं २९ गोल केले, १८ गोलांना पास दिले, ३४४ गुणांचा विक्रम केला. ज्याच्याकडे तो होता तो जिंकला. मी तिसरा आलो.

२०२५ साली हंगाम बरोबर १५ ऑगस्टच्या रात्रीच सुरू होत होता. दुपारी पुन्हा तीच ओसरी, त्याच चिठ्ठ्या. पहिला नंबर या वेळी दुसऱ्या मित्राला लागला, माझी चिठ्ठी पाचवी. तो वही घेऊन माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "कोणाले घेऊ? हालांड की सलाह?"

मी त्याच्या हातून पेन घेतला. वहीच्या कडेला १, १६, १७, ३२, ३३ असे आकडे एकाखाली एक लिहिले, पहिल्यापुढची जागा कोरी ठेवली, आणि सोळा-सतरापुढे त्याला कोण उरतील असं वाटतं ते विचारलं.