पगाराच्या चिठ्ठीत न मावणारी गोष्ट

मोरोक्कोत कारखान्यातल्या किंवा कचेरीतल्या साहेबाला 'काद्र' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. १९१२ ते १९५६ या काळात देशाच्या मोठ्या भागावर फ्रान्सचा अंमल होता. फ्रेंच गेले, पण कचेरीची भाषा आणि पदांची नावे मागे राहिली. मुलगा काद्र झाला की आईवडिलांची मान ताठ होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, आता याला काय कमी?

आम्ही दोघे नवरा-बायको ४ वर्षांपासून कासाब्लांकात राहतो. आमच्यातला एक जण मोटारींच्या वायरिंगच्या कारखान्यात माल तपासणीचे खाते पाहतो आणि दुसरी संध्याकाळी अशाच काद्र मंडळींना इंग्रजी शिकवते. त्यामुळे या लोकांचे दिवसाचे वागणे आणि संध्याकाळचे बोलणे आमच्या दस्तरखानावर एकत्र येते. पगार हवाच, यात वाद नाही. घरभाडे आणि मुलांच्या खाजगी शाळेची फी भरता भरता महिना संपतो. पण कामावरून मन उडाल्याचे जेव्हा जेव्हा आम्ही ऐकले, तेव्हा पगाराची तक्रार बहुधा शेवटी आली.

पहिली तक्रार भाषेची असते. काद्र सकाळी कामगारांशी दारिजात, म्हणजे तिथल्या बोली अरबीत बोलतो. बैठकीत फ्रेंच आणि परदेशातल्या मुख्य कचेरीला इंग्रजी. राज्यघटनेत अरबी आणि २०११ पासून अमाझिग या राजभाषा आहेत, पण खाजगी कंपनीतला अहवाल बहुतेक फ्रेंचमध्येच लिहिला जातो. ज्याची फ्रेंच सफाईदार, त्याच्या म्हणण्याला वजन. डोंगराकडच्या गावातून आलेला, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा इंजिनीयर बैठकीत गप्प बसतो आणि त्याच्या निम्म्या वयाचा, पॅरिसहून शिकून आलेला मुलगा त्याचेच म्हणणे चांगल्या शब्दांत मांडून जातो.

दुसरी तक्रार अधिकाराची. हाताखाली ८० माणसे, पण कोणाची पाळी बदलायची तर वरून मंजुरी. २००४ साली लागू झालेल्या मोरोक्कोच्या कामगार कायद्याने आठवड्याला ४४ तास ठरवले आहेत. कामगाराचे जादा तास मोजले जातात, काद्रचे रात्री आठपर्यंत थांबणे मात्र गृहीतच धरलेले असते. तेही ही माणसे सोसतात. सोसवत नाही ती 'हशूमा'. चारचौघांत खाली मान घालावी लागणे, याला दारिजात हा शब्द आहे.

आमच्या माहितीतल्या एका काद्रने सदोष माल थांबवला होता. वरून फोन आला आणि कामगारांच्या देखत तोच माल गाडीत चढला. त्या दिवसानंतर तो वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, सांगितलेले तेवढे करायचा. कोणाशी भांडला नाही. वर्षभरात बायको-मुलांना घेऊन कॅनडातल्या क्वेबेकला निघून गेला. तिथे फ्रेंच चालते, म्हणून पुष्कळ मोरोक्कन कुटुंबे तिकडची वाट धरतात. मागे म्हातारे आईवडील राहिले. आमच्या इंग्रजीच्या वर्गात बसणाऱ्या कित्येकांच्या मनातही हाच बेत असतो. इंग्रजी बढतीसाठी शिकतोय, असे ते कंपनीत सांगतात. वर्गात खरे काय ते बोलतात.

उलट चित्रही आम्ही पाहिले आहे. २०१८ पासून मोरोक्कोचे घड्याळ वर्षभर ग्रीनिचच्या १ तास पुढे असते आणि रमजानपुरते ते १ तास मागे घेतात. त्यामुळे दर वर्षी पाळ्यांचा घोळ होतो. एका खात्याच्या वरिष्ठांनी एकदा विभागप्रमुखांना बोलावून सांगितले : माल इतका निघाला पाहिजे, बाकी पाळ्या तुम्ही ठरवा, मी बदलणार नाही. पुदिन्याच्या चहावर २ संध्याकाळी बैठक चालली. लांबून येणाऱ्यांना सकाळची पाळी मिळाली. घरी जाऊन हरीरा शिजवायचा असतो म्हणून बायकांना आधी सोडायचे ठरले. एरवी बैठकीत तोंड न उघडणारी माणसे त्या कागदावर हिरिरीने भांडत होती. महिनाभर गाड्या वेळेवर निघाल्या. कोणाचा पगार एका दिऱ्हमनेही वाढला नव्हता. वरिष्ठांनी दिलेला शब्द पाळला, एवढेच झाले होते.

दारिजात कष्ट करणाऱ्याला 'अल्लाह याअतीक स्सहा' म्हणण्याची रीत आहे. अल्लाह तुला निरोगी ठेवो. रस्ता झाडणाऱ्याला म्हणतात, हमालाला म्हणतात, काद्रही आपल्या कामगारांना रोज म्हणतात. कामावर हे शब्द तुम्हाला शेवटचे कोणी म्हटले, असे आम्ही एकदा वर्गात विचारले. बऱ्याच जणांचे उत्तर एकच होते : फाटकावरच्या पहारेकऱ्याने. वरून आकडे येतात, दुआ येत नाही.

वाचकहो, आपल्या घरांतही कोणी चाकणला सुपरवायझर आहे, कोणी दुबईत फोरमन आहे. तीही माणसे अशीच मधल्या पायरीवर उभी आहेत. जुम्याच्या दिवशी फोन लागला की आपला पहिला प्रश्न असतो, "बेटा, पगार झाला का?" तो जरूर विचारावा. त्याच्यामागून आणखी एक विचारावा, "तिथे तुझे ऐकतात का?" आणि आपल्या दुकानात, वर्कशॉपमध्ये दोन माणसे आपल्या हाताखाली असतील, तर एखादे काम पुरते त्यांच्यावर सोपवून पाहावे. गिऱ्हाइकासमोर त्यांचा शब्द खाली पडू देऊ नये. चूक झाली असेल तर शटर ओढल्यावर सांगता येते.