600 घोडे, एक पट्टा

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कोलंबस आणि कोकोमो अशी दोन गावं आहेत. कोलंबसला कमिन्सचं मुख्यालय, कोकोमोला क्रायस्लरचा ट्रान्समिशनचा कारखाना. मधलं अंतर गाडीने दोनेक तासांचं. 1989 च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअपमध्ये या दोन गावांची सोयरीक झाली. पुढे कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याच्या पाठीला क्रायस्लरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिन असं दणकट निघालं की आजही लोक त्यातून मूळच्या जवळपास चौपट ताकद काढतात आणि ते हूं की चूं करत नाही. कुरकुरतो तो मागचा बॉक्स. या जोडप्याची भांडणं मिटवण्यावर, म्हणजे असे बॉक्स नव्याने बांधण्यावर, इथे अमेरिकेत माझं घर चालतं.

पुणेकराला कमिन्सची ओळख करून द्यायला नको. कोथरूडला कारखाना, कंपनी 1962 मधली, त्या वेळचं नाव किर्लोस्कर कमिन्स. हेच 5.9 लिटरचं इंजिन पुढे जमशेदपूरला टाटा कमिन्समध्ये तयार झालं आणि टाटांच्या ट्रकमध्ये बसून आपले घाट चढलं. पण तिथे त्याच्यामागे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स होता आणि क्लचवर ड्रायव्हरचा पाय. अमेरिकेतल्या पिकअपवाल्याला, मग तो गुरांचा ट्रेलर ओढणारा शेतकरी असो की शनिवारी शर्यतीला जाणारा हौशी, बऱ्याचदा ऑटोमॅटिकच हवा असतो.

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिल्या वाक्यात आकडा सांगतं: ‘माझा ट्रक 600 हॉर्सपॉवरचा आहे.’ मी विचारतो, किती आरपीएमला? कारण बॉक्सला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला पीळ कळतो, म्हणजे टॉर्क. पेट्रोलची रेसिंग गाडी 6500 आरपीएमला 600 हॉर्सपॉवर देत असेल, तर त्या क्षणी तिचा टॉर्क साधारण 660 न्यूटन-मीटर असतो. डिझेल तेवढीच हॉर्सपॉवर 2600 ला देतं. गणित केलं तर टॉर्क येतो 1640 न्यूटन-मीटरच्या आसपास. आपल्याकडच्या ऑटोमॅटिक फॉर्च्युनरच्या सव्वातीनपट. शिवाय गाडी जागेवरून हलताना इंजिन आणि बॉक्स यांच्यामधला टॉर्क कन्व्हर्टर त्याची जवळपास दुप्पट करतो आणि पहिला गिअर त्याला 2.45 ने गुणतो. कागदावर मागच्या शाफ्टपर्यंत आठ हजार न्यूटन-मीटर पोचतात. प्रत्यक्षात त्याआधी टायर सुटतात, हे बॉक्सचं नशीब.

आणि हा बॉक्स मुळात होता कोणासाठी? 1996 ते 2002 च्या डिझेल पिकअपमध्ये असलेला 47आरई घ्या. त्याचं कूळ थेट 1962 च्या टॉर्कफ्लाइट 727 पर्यंत जातं. पेट्रोलच्या व्ही-8 गाड्यांसाठी काढलेला तीन गिअरांचा बॉक्स, त्याच्या शेपटीला चौथ्या गिअरचं ओव्हरड्राइव्ह युनिट जोडलेलं. मूळ रचना सुरेख, यात शंका नाही. आजही तो उघडला की करणाऱ्याचं कौतुक वाटतं. पण 1989 चं कमिन्स जेमतेम 160 हॉर्सपॉवर आणि 540 न्यूटन-मीटर देत होतं, आणि तेवढ्यालाही तो काठावरच पुरायचा.

पुण्याला गेलो की नातेवाइकांत एक प्रश्न हमखास येतो: ‘काका, ऑटोमॅटिकला क्लचच नसतो, मग जळतं काय?’ क्लच असतो. एक नाही, अनेक असतात. फक्त पेडल नसतं. प्रत्येक क्लच म्हणजे ड्रममध्ये आळीपाळीने रचलेल्या फ्रिक्शन आणि पोलादी प्लेटा. तेलाच्या दाबाने पिस्टन त्यांना आवळतो. दुसऱ्या गिअरसाठी तर वेगळा क्लचही नाही, ड्रमभोवती गुंडाळलेला एक पट्टा आहे. सर्व्होचा पिस्टन एका तरफेतून तो आवळतो आणि ड्रम जागेवर थांबतो. 600 हॉर्सपॉवरचा ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये दणक्यात पळत असतो, तेव्हा सगळा भरवसा त्या अस्तर लावलेल्या पट्ट्यावर आणि त्याला टेकू देणाऱ्या एका छोट्या दांडीवर असतो. ती दांडी मी कारखान्याची ठेवत नाही, अखंड पोलादातून कापलेली घालतो.

पण दांड्या आणि शाफ्ट या पुढच्या गोष्टी. उघडलेल्या बॉक्समध्ये मला तुटलेलं पोलाद क्वचित दिसतं. काळ्या पडलेल्या प्लेटा नेहमी दिसतात. बॉक्स बहुधा मोडून मरत नाही, घसरून मरतो. प्लेटांची पकड तीन गोष्टींवर ठरते: प्लेटा किती, पिस्टनचं क्षेत्रफळ किती आणि तेलाचा दाब किती. टॉर्क त्या पकडीच्या पुढे गेला की प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की अस्तर झिलई धरतं, आणि झिलई धरलेली प्लेट पुढच्या वेळी जास्त घसरते. इथून पुढे फार दिवस लागत नाहीत.

गंमत म्हणजे कारखान्यानेच थोडी घसरण मुद्दाम ठेवलेली असते. गिअर बदलताना कॉफी सांडू नये म्हणून. हलक्या पायावर 47आरईचा दाब 55-60 पीएसआयच्या घरात असतो आणि पाय दाबला तसा वाढत जातो. तो वाढवण्याचं काम पेडलपासून आलेली एक केबल करते. ती सैल असेल, तर इंजिन पूर्ण जोरात आणि बॉक्स मात्र अर्ध्या दाबावर, अशी अवस्था होते. या केबलीपायी मेलेले बॉक्स मी इतके उघडले आहेत की आता ट्रक दारात आला की पाना हातात घेण्याआधी तीच बघतो. जुळवायला पैसाही लागत नाही.

मग दाबच भरमसाट वाढवावा का? इंटरनेटवरची पोरं तेच करतात. प्रेशर रेग्युलेटरची स्प्रिंग बदलून मोकळी होतात. पण रिव्हर्समध्ये मूळ दाबच 200 पीएसआयच्या वर जातो. त्यात आणखी भर घातली की सील, सर्व्हो आणि प्रसंगी केसिंगसुद्धा दगा देतं. पंपाला जास्त ताकद लागते, तेल जास्त तापतं. म्हणून मी दाब बेताने वाढवतो आणि उरलेलं काम प्लेटांची संख्या वाढवून काढतो. पातळ पोलादी प्लेटा घालून जागा काढायची नाही, हे माझं पथ्य आहे. पोलादी प्लेट उष्णता पिते. ती पातळ केली तर जादा फ्रिक्शन प्लेट घालून मिळवलेलं तिथेच गेलं.

खरं कसब व्हॉल्व्ह बॉडीत आहे. ॲल्युमिनियमच्या त्या ठोकळ्यात तेलाच्या वाटांचं जाळं असतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पट्टा सुटायला हवा आणि त्याच क्षणी पुढचा क्लच धरायला हवा. पट्टा आधी सुटला तर इंजिन मोकळं होऊन आरपीएम उसळतो, आणि क्लचला ती सगळी उसळी प्लेटांवर घेऊन खाली आणावी लागते. पट्टा उशिरा सुटला तर दोघं एकमेकांविरुद्ध ओढतात. साध्या ट्रकमध्ये हा खेळ खपून जातो, 1640 न्यूटन-मीटरला नाही. व्हॉल्व्ह बॉडीतल्या सेपरेटर प्लेटच्या भोकाचा व्यास केसभर बदलला की ही वेळ बदलते. ते भोक किती करायचं, हे प्रत्येक ट्रकचं वजन आणि वापर बघून ठरवावं लागतं. तयार किट आणून बसवणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही.

कन्व्हर्टरमध्ये मी तडजोड करत नाही. डिझेलचा जोर खालच्या आरपीएमला असतो, त्यामुळे कन्व्हर्टरही लवकर पकडणारा हवा. मूळचा सैल आहे. गाडी हलायच्या आधी इंजिन उगाच ओरडतं आणि ती सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. त्याच्या आतला, इंजिनला बॉक्सशी थेट जोडणारा लॉकअप क्लच एकाच प्लेटचा, आणि पुढचं झाकण पत्र्यातून दाबून काढलेलं. दाब वाढला की ते झाकण फुगतं, प्लेट सपाट टेकत नाही आणि लॉक झालेला कन्व्हर्टरही घसरतो. त्यासाठी तीन प्लेटांचा लॉकअप आणि अखंड पोलादातून कातलेलं झाकण. महाग असतं. गिऱ्हाईक इथेच घासाघीस करतं.

बांधणीत एक जागा अशी आहे की तिथे मी वर्कशॉपमध्ये कोणाला बोलू देत नाही. ओव्हरड्राइव्ह युनिटच्या आत एक स्प्रिंग असते, सुमारे 800 पौंडांच्या जोराने दाबून बसवलेली. प्रेसखाली न धरता ती सोडली तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. बाकी काम शांत, जवळपास शिवणकामासारखं. इनपुट शाफ्टचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, डायल गेजने मोजायचा. कारखाना 0.56 ते 2.31 मिलिमीटर चालवून घेतो, मला तो खालच्या बाजूला लागतो. व्हॉल्व्ह बॉडी चढवायच्या आधी तेलाच्या प्रत्येक भोकात कंप्रेसरची हवा सोडायची. क्लच आतून ‘थप्’ असा भरीव आवाज देतो. फुसफुसला तर सील दुमडलेलं आहे; पुन्हा उघडायचं. पट्ट्याचा स्क्रू 72 इंच-पौंडांना आवळून मग दोन फेऱ्यांपेक्षा जरा कमी उलटा सोडायचा.

शाफ्ट येतात सर्वांत शेवटी. 300एम पोलादाचा इनपुट शाफ्ट मी घालतो, पण तो कशासाठी लागतो हे समजून. पकड घट्ट झाली की घसरून सुटणारा झटका आता सरळ शाफ्टवर येतो. पूर्वी प्लेटा जळून त्याला वाचवत होत्या. म्हणूनच नुसता महागडा शाफ्ट घालून बाकीचं मूळचंच ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. न घसरणाऱ्या बॉक्सलाच तो शाफ्ट लागतो.

आता महाराष्ट्रातही गाडीचा संगणक रीमॅप करून जोर वाढवून देणारे आहेत आणि ऑटोमॅटिक गाड्याही वाढल्या आहेत, म्हणून वाचकाला सांगतो. रीमॅपवाल्याला हॉर्सपॉवर विचारू नका. टॉर्क किती आणि किती आरपीएमला, ते विचारा, आणि तुमच्या गिअरबॉक्सची कंपनीने सांगितलेली मर्यादा त्याच्याशी ताडून बघा. तेल नुसतं रंगावरून पारखणाऱ्यावरही विसंबू नका. क्रायस्लरच्या एटीएफ+4 चा लाल रंग तर तेल चांगलं असतानाही काळवंडतो. आणि ज्या गॅरेजमध्ये ट्रान्समिशनचा प्रेशर गेज नाही, तिथे ऑटोमॅटिक गाडी उघडायला देऊ नका.