मरी ब्रुअरी आणि लाहोरची कादंबरी

बाप्सी सिध्वा यांची 'आइस-कँडी-मॅन' (१९८८) ही कादंबरी शिकवताना एका प्रसंगापाशी मी नेहमी रेंगाळते. फाळणीपूर्वी लाहोरचे पारशी एकत्र जमतात आणि आपण कोणाच्या बाजूने उभे राहायचे, याचा खल करतात. समीक्षेने या वृत्तीला 'तटस्थता' म्हटले. मला तो शब्द फार सोवळा वाटतो, आणि याला कारण आहे कादंबरीबाहेरचा एक बीअरचा कारखाना.

बाप्सी माहेरच्या भांडारा. फाळणीच्या सुमारास त्यांचे वडील पेशोतन भांडारा यांच्याकडे मरी ब्रुअरीची मालकी आली. रावळपिंडीच्या वर, मरी या थंड हवेच्या गावाजवळ घोडागली येथे १८६० साली ही कंपनी सुरू झाली, ती मुख्यतः गोऱ्या फौजेची तहान भागवण्यासाठी. (जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा डायर १८६४ मध्ये मरीतच जन्मला, त्याचे वडील याच धंद्यातले.) क्वेट्ट्याचा कारखाना १९३५ च्या भूकंपात गेला, घोडागलीचा १९४७ च्या दंगलींत जळाला. उरला रावळपिंडीचा. इंग्रज निघून गेले आणि त्यांच्या सोयीसाठी उभारलेला हा व्यवसाय नव्या मुस्लिम राष्ट्रात एका पारशी कुटुंबाच्या पदरी राहिला.

१९७७ मध्ये भुट्टो सरकारने मुसलमानांना मद्यबंदी लागू केली. बिगरमुस्लिमांना परवान्यावर पिण्याची मुभा राहिली आणि त्या फटीतून कारखाना तगला. परवाना आपल्यालाही नवा नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने 'परमिट रूम' हा शब्द मराठीत रुजवला. पण आपला परवाना प्रकृतीची सबब मागतो, तिथला धर्म विचारतो. एवढ्या मूठभर बिगरमुस्लिमांच्या बळावर ब्रुअरी कशी चालते, हे कोडे तिथे कोणी मोठ्याने सोडवत नाही. बाप्सींचे बंधू मिनू भांडारा यांनी २००८ मध्ये निधन होईपर्यंत ती सांभाळली. अल्पसंख्याकांच्या राखीव जागेवरून ते संसदेतही गेले होते.

हे ठाऊक झाल्यावर लाहोरची ती सभा वेगळी ऐकू येते. सत्ता कोणाचीही येवो, तिच्याशी जमवून घ्यायचे, नजरेत भरायचे नाही, हा तिथला हिशेब. पारशांच्या परंपरेतली दुधात विरघळलेल्या साखरेची कथा आपण कौतुकाने सांगतो. विरघळणे साखरेला कसे वाटले असेल, हे बाप्सींनी लेनी या पोलिओग्रस्त मुलीच्या नजरेतून लिहिले. त्या २०२४ च्या डिसेंबरात ह्यूस्टनला वारल्या. मृत्युलेखांत फाळणी होती, लाहोर होते. ब्रुअरी असलीच तर एखाद्या ओळीपुरती.