आमच्या गावचा ज्वालामुखी



माझं गाव डोईफोडिया. बुऱ्हाणपूर जिल्हा, खकनार तालुका. इंदूरच्या ऑफिसात हे नाव सांगितलं तर कुणाला काही वाटत नाही, पण मंडळाच्या गणपतीत कुणी मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुणाची डोई फोडली हो तिथे?" मी हसून वेळ मारून नेतो. नावामागची गोष्ट मलाही कुणी नीट सांगितलेली नाही. पण तिथल्या दगडाकडे पाहिलं की वाटतं, या दगडावर डोकं आपटलं तर डोकंच फुटेल, दगड नाही!

गेल्या फेब्रुवारीत माझ्या आठ वर्षांच्या लेकीनं शाळेसाठी ज्वालामुखी बनवला. मातीचा डोंगर, आत खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर, थोडा लाल रंग. फेस बाहेर आला, टाळ्या पडल्या. मग तिनं विचारलं, "बाबा, आपल्याकडे खरा ज्वालामुखी का नाही?"

मी म्हणालो, "आजोबांच्या अंगणात तू ज्वालामुखीवरच खेळतेस."

तिला ते पटलं नाही. त्याच आठवड्यात बाबांचा गावाहून फोन आला. दुसऱ्या बोअरचं पाणीही कमी पडायला लागलं होतं. केळी उभी होती. बोअरवाला म्हणत होता, सातशे फूट जाऊ, पाणी लागेलच. बाबांना पैसे हवे होते. मी "येतो, मग बोलू" म्हणालो आणि शनिवारी पहाटे गाडी काढली. बायको, लेक आणि हट्टानं आलेला माझा बारा वर्षांचा भाचा, असे चौघं.

इंदूर-इच्छापूर रस्ता आपल्यातल्या अनेकांच्या पायाखालचा आहे. बडवाह, मोरटक्क्याला नर्मदा, सनावद, पुढे बोरगाव, आणि मग सातपुडा. घाटात शिरताना एका बाजूला असीरगड दिसतो. "दक्षिणेचा दरवाजा" म्हणून आपण तो इतिहासात वाचलेला असतो. अकबरानं 1601 साली तो घेतला, वर अश्वत्थामा पूजेला येतो अशी आख्यायिका आहे, हे सगळं मुलांना सांगून झालं. पण या वेळी मी त्यांना तट नाही, तटाखालचा डोंगर बघायला लावला.

"पायऱ्या दिसतात का?"

भाचा म्हणाला, "मामा, थर आहेत. केकसारखे."

अगदी बरोबर. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. चित्रातल्यासारखा शंकूचा डोंगर नव्हे, तर थरावर थर पसरत गेलेले लाव्ह्याचे पूर. आजही हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, माळवा आणि आपला हा सातपुड्याचा पट्टा त्यातच येतो. पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा सापळा नाही. पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून तो आला आहे. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून डोंगराला पायऱ्या. किल्ले बांधणाऱ्यांना कडे आयतेच मिळाले!

मुलांना सगळ्यात जास्त आवडली ती डायनासोरची गोष्ट. आपल्याच धार जिल्ह्यात, बाग-कुक्षीकडे, डायनासोरची 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचं संशोधन 2023 साली प्रसिद्ध झालं. तो खडक या लाव्ह्याच्या थरांखालचा. म्हणजे आधी अंडी, मग लाव्हा. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पिल्लं बाहेर आली होती का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुपारी बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा बघितला. लोक खूनी भंडाराही म्हणतात. मी बुऱ्हाणपूरला शाळेत होतो, पण तेव्हा कधी आत गेलो नव्हतो! आपल्या घराजवळच्या गोष्टींचं असंच होतं. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी जाणकारानं ही योजना आखली. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत जातं. त्यानं ते वाटेतच अडवलं, शंभरावर कुंड्या खणल्या आणि त्या खालून बोगद्यानं एकमेकींना जोडल्या. पाणी आपल्या उतारानं शहराकडे चालत येतं. पंप नाही, वीज नाही. मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत याचं नाव गेलं आहे.

लिफ्टनं सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो. वर ऊन, खाली गारवा. क्षार साचून भिंती पांढरट झालेल्या, आणि पायाशी स्वच्छ वाहतं पाणी. मी दिवसभर सर्व्हर आणि नेटवर्कशी झटापट करणारा माणूस. चारशे वर्षं चालू असलेली यंत्रणा बघून खरोखर हात जोडावेसे वाटले. पण डोक्यात एकच आकडा फिरत होता. इथे ऐंशी फुटांवर पाणी वाहतंय आणि बाबा सातशे फूट जायचं म्हणतायत.

संध्याकाळी गावी पोचलो. आईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता. जेवताना बोअरचा विषय मी काढला नाही, बाबांनीही नाही.

सकाळी बाबा मुलांना घेऊन नाल्यावर गेले, मी मागे. नाल्यानं दरड कापलेली आहे, तिथे जमिनीचं पोट उघडं दिसतं. वर काळी माती, खाली मुरूम. त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड. भाच्यानं एक पापुद्रा हातानं सोलला. खडकाला चिरा पडतात, पाणी आत शिरतं, कोपरे आधी झिजतात, मग उरतो तो गोळा. त्याखाली भोकाभोकांचा दगड. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले त्या या खुणा. काही भोकांत पांढरे चकाकते खडे भरलेले. लेकीनं खिसे भरून घेतले.

बाबा दरडीला हात लावून म्हणाले, "हे बघ पोरी, या मुरमात पाणी राहतं. या भोकाच्या दगडात थोडं राहतं. खाली काळा पाषाण लागला की संपलं. त्याला चीर असंल तरच पाणी."

बाबा दहावीही झालेले नाहीत. मी इंजिनीअर. पण मी आदल्या रात्री मोबाईलवर जे वाचत बसलो होतो, तेच ते सांगत होते. आपल्या काळ्या खडकात पाणी बहुतेक वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत असतं. खोल गेलं की पाणी मिळेलच असं नाही. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. तिथे गाळ शंभर मीटरहूनही जाड आहे, पण तिथेही उपसा जास्त झाल्यानं पाणी खाली गेलंय.

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला हे माहीत आहे, मग सातशे फूट कशाला?"

ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेजारच्यानं केली. आपण नाही केली तर आपलंबी पाणी तोच ओढंल, असं वाटतं. आणि तू काही इथं राहणार नाहीस. मला एकट्याला जे सुचलं ते."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. पैसे पाठवणं सोपं असतं. दोन दिवस राहून विचार करणं मी कधी केलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही आजोबांच्या काळातली जुनी विहीर बघितली. अर्धी गाळानं भरलेली, आत पिंपळ उगवलेला. हिशेब कागदावर मांडला. बोअरच्या अर्ध्या पैशांत विहिरीचा गाळ निघत होता, नाल्यावरचा फुटका बांध दुरुस्त होत होता, आणि ठिबकच्या जुन्या नळ्या बदलता येत होत्या. बाबांनी अट घातली, "काम चालू असताना तू आला पाहिजेस." एप्रिल-मेमध्ये मी चार वेळा गेलो.

त्याच मे महिन्याच्या 10 तारखेला भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांचा तापी मेगा रिचार्ज योजनेचा करार झाला. तापीचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरवायचं, अशी ती कल्पना. आपल्या बुऱ्हाणपूर आणि खंडवा जिल्ह्यांचाही त्यात समावेश आहे. बातमी वाचून बाबा म्हणाले, "म्हणजे कुंडी भंडाऱ्यावाल्याला जे कळलं ते आता सरकारलाबी कळलं."

पावसाळ्यानंतर विहिरीला पाणी आलं. पाऊसही बरा होता, त्यामुळे श्रेय कशाला किती द्यायचं ते एका वर्षात सांगता येणार नाही. एक-दोन उन्हाळे जाऊ देत. केळीचं क्षेत्र बाबांनी एक एकर कमी केलं, तिथे हरभरा घेतला. बोअर मात्र केली नाही.

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांचं गाव याच काळ्या दगडावर आहे. सुट्टीत मुलांना लांब कुठे डोंगर दाखवायला नेतो, तसं एकदा आपल्या गावच्या नाल्यावर न्या. वेळ सकाळची निवडा, पायात बूट घाला आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर घ्या. दरड वाचायला तेच शिकवतील.

लेकीचे पांढरे खडे आता तिच्या अभ्यासाच्या टेबलावर असतात. परवा तिची मैत्रीण घरी आली होती. लेक तिला सांगत होती, "आमच्या आजोबांचा ज्वालामुखी आहे. पण तो विझलाय. आता त्याच्यात पाणी भरतात."