५२५ पट!

मुलांनो, २०२३च्या दिवाळीत मी दुर्बीण घेतली. खोक्यावर शनीचं रंगीत चित्र आणि ठळक आकडा, '५२५ पट'! शेजारच्या साध्या दुर्बिणीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

सुट्टी संपल्यावर एका संध्याकाळी मुलुंडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर चौथीची मुलं जमली. पूर्वेला गुरू झकास चमकत होता. मी सगळ्यात जोरदार भिंग लावलं. दिसला तो थरथरणारा पांढुरका गोळा, आणि तोही क्षणात पळायचा. (पृथ्वी फिरते हे फळ्यावर शिकवते मी, इथे ती फिरताना दिसत होती!) एकेक जण डोळा लावून गप्प बाजूला होई. शेवटी एक मुलगी माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "दिसला, बाई! छान दिसला."

रात्री मला झोप लागेना. पोरगी खोटं बोलली, तेही मला बरं वाटावं म्हणून.

जानेवारीत खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला वांगणीला गेले. बदलापूरच्या पुढचं स्टेशन. दुर्बीण लाजतच बाहेर काढली. तिथल्या एका दादाने हिशेब मांडला. दुर्बिणीचं नाभीय अंतर ७०० मिमी, डोळ्याजवळचं भिंग ४ मिमीचं. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. वर तिप्पट करणारं बार्लो भिंग, झाले ५२५! पण प्रकाश गोळा करणारं पुढचं भिंग ६० मिमीचंच. त्याला फार तर दुप्पट, म्हणजे १२० पट झेपतं. पुढे नुसता धूसरपणा मोठा होतो. त्याने २० मिमीचं भिंग लावलं, ३५ पट. लटपटत्या स्टँडला पाण्याची भरलेली बाटली टांगली. आणि काय सांगू! गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चंद्र. गॅलिलिओने १६१०मध्ये हेच पाहिले, तेही सुमारे २० पटीच्या दुर्बिणीतून.

तेव्हा दुकानात 'किती पट' विचारू नका, पुढचं भिंग किती रुंद ते विचारा, स्टँड हलवून बघा. खरं तर आधी ७ बाय ५०ची द्विनेत्री घ्या. चंद्रावरची मोठी विवरं, कृत्तिका सुरेख दिसतात. सूर्याकडे मात्र कुठलीच रोखायची नाही हं, डोळा कायमचा जाईल.

फेब्रुवारीत पुन्हा गच्ची. "चार चंद्र दिसतील," मी म्हटलं.

"तीन आहेत, बाई," तीच मुलगी म्हणाली.

"नीट बघ."

"तीनच!"

मी डोळा लावला. तीनच होते. चौथा गुरूच्या आड किंवा समोर असणार.

जिना उतरताना ती हळूच म्हणाली, "बाई, मागच्या वेळी ना, मला काहीच दिसलं नव्हतं."