शिकागोतील एक दुपार

आमच्या पारनेरला खेळाचे मैदान म्हणजे पीक निघून मोकळे झालेले कोणाचेही शेत. अशा मैदानावर विटीदांडू आणि आट्यापाट्या खेळून मोठा झालेला मी, मराठीचा प्राध्यापक, अमेरिकेत जाऊन बेसबॉलचा सामना पाहीन असे एखाद्या ज्योतिष्याने सांगितले असते, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती. पण थोरला भाऊ शिकागोत आणि उन्हाळ्याची सुट्टी हाताशी. त्यामुळे गेल्या जूनमध्ये हा योग आला.

खरे सांगायचे तर मी मैदान पाहायला गेलो नव्हतो. मनात एक जुनी अढी होती. आमचे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ऑगस्ट २०१६ मध्ये ते गेले आणि दादा आला नाही. परदेशातील मुक्कामाचे त्याचे कागद अडकले होते. एकदा देशाबाहेर पाऊल पडले की परत येणे अवघड, असे त्याने फोनवर सांगितले. थोरल्याच्या जागी मडके माझ्या खांद्यावर आले. दादाचे कारण मला पटले होते, पण मन मानत नव्हते. पुढे तो दोनदा घरी येऊन गेला. तो विषय मात्र कोणी काढला नाही. मी निघताना आई एवढेच म्हणाली, "एकदा बोलून घ्या रे दोघं. माझ्या डोळ्यांदेखत."

शिकागोत पोचल्यावर आठ दिवस आम्ही हवापाण्यावर बोललो. नवव्या दिवशी दादा म्हणाला, "चल, तुला रिग्ली फील्ड दाखवतो."

आगगाडीतून ॲडिसन स्टेशनवर उतरलो, तो मैदान समोरच. एखाद्या पेठेत घरांच्या गर्दीत देऊळ उभे असावे, तसे ते भर वस्तीत उभे आहे. मैदानाच्या पलीकडल्या घरांच्या गच्च्यांवरसुद्धा बाके मांडलेली! १९१४ साली बांधलेले हे मैदान. च्युइंगमच्या व्यापारातून श्रीमंत झालेल्या रिग्ली शेटजींचे नाव त्याला पुढे मिळाले. पलीकडच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली लावलेली वेल आजही हिरवीगार आहे. चेंडू त्या पानांत अडकला तर फलंदाजाला दोन टप्पे पुढे जाऊ देतात. धावफलकही त्याच साली उभारलेला. आत माणसे बसतात आणि आकड्यांच्या पाट्या हाताने बदलतात. १९८८ पर्यंत येथे रात्रीचे दिवेच नव्हते. जे यंत्रांचे माहेरघर, त्या देशात हे असे मैदान लोकांनी हट्टाने जपले आहे, याचे मला मोठे नवल वाटले.

खेळ समजायला मला तासभर लागला. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची. येथे गोलंदाज साडेसाठ फुटांवरून चेंडू फेकतो, तोही टप्पा न पाडता. बॅट आपल्या दांडूची थोरली बहीण. क्रिकेटमध्ये चेंडू हलकेच मागे सरकवला की टाळ्या पडतात. येथे तो फाउल. तीन गडी बाद झाले की डाव फिरतो आणि असे नऊ डाव. एका पेठेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असे करीत फलंदाज निघाल्या जागी परत आला तरच धाव धरतात. "म्हणजे सारीपाटच की!" मी म्हणालो. दादा पहिल्यांदा मोकळेपणाने हसला.

खायला भुईमुगाच्या शेंगा होत्या, भाजलेल्या, सालासकट. शेजारची शिकलीसवरलेली माणसे टरफले खुशाल पायाशी टाकीत होती आणि त्यांना जाब विचारायला कोणी मास्तर नव्हता. टिळकांच्या गोष्टीवर वाढलेल्या मला हा मोठाच दिलासा होता.

मग माझे लक्ष दादाच्या मांडीवर गेले. तेथे एक वही होती आणि तो पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करीत होता. चौकोन, रेघा, अक्षरे. मला एकदम घरची दुपार आठवली. रेडिओवर समालोचन चालू आहे आणि अण्णा रफ वहीत धावा मांडीत आहेत. आम्ही दोघे त्यांच्या दोन बाजूंना. त्याच अण्णांनी आम्हांला एकदा एस. टी.ने नगरला वाडिया पार्कवर सामना पाहायला नेले होते, तेही वही घेऊन.

"ही पद्धत बसवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा," दादा वहीतून मान वर न काढता म्हणाला. "लहानपणी इकडे आला. क्रिकेटच्या बातम्या लिहायचा, मग या खेळाच्या लिहू लागला. माणूस कुठेही गेला तरी हात जुन्याच सवयीचा राहतो."

इतक्यात पाहुण्या संघाच्या फलंदाजाने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. ज्याच्या हाती तो लागला, त्याने तो लगेच मैदानात परत फेकून दिला. शत्रूने मारलेला चेंडू घरात ठेवायचा नाही, अशी येथली रीत. सातव्या डावाच्या मध्यावर हजारो माणसे उभी राहून एक जुने गाणे गाऊ लागली. दादाही गात होता. मी मात्र उभा राहून नुसता त्याच्याकडे पाहत होतो.

सामना शिकागो कब्स हरले. धावफलकावर निळा झेंडा चढला. जिंकले असते तर पांढरा चढला असता. आगगाडीतून जाणाऱ्यांनाही निकाल कळावा, म्हणून ही सोय. बाहेर पडल्यावर दादा स्टेशनकडे न वळता विटांच्या भिंतीकडे वळला आणि एका जागी थांबला.

"१९०८ नंतर हा संघ विजेता झाला तो २०१६ साली. एकशे आठ वर्षांनी," तो म्हणाला. जपमाळेत मणी असतात तितकी वर्षे! "वाट पाहत किती जणांचे आईबाप गेले. तेव्हा लोकांनी या भिंतींवर खडूने आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहिली. हात पोचेल तिथवर नावंच नावं."

मी गप्प राहिलो.

"भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी रात्री ते जिंकले. त्या वर्षी आपल्याकडे दिवाळी नव्हती. मी सकाळी इथे आलो. एका म्हातारीने मला खडू दिला. मी अण्णांचं नाव लिहिलं आणि खाली 'पारनेर'. ती म्हणाली, ही कुठली लिपी? मी सांगितलं, वडिलांनी शिकवलेली." थोडे थांबून तो म्हणाला, "अग्नी तू दिलास. माझ्याकडून एवढंच झालं."

नऊ वर्षे मी जे विचारायचे ठरवले होते, ते विचारण्याची गरज उरली नाही. भिंतीवर आता काहीच नव्हते. खडूची अक्षरे किती टिकणार? मी विटेवर हात ठेवला. उन्हाने ती ऊबदार झाली होती.

"मला कळवायचं होतंस, दादा," मी म्हणालो.

"कोणत्या तोंडानं कळवू?"

मग आम्ही स्टेशनपर्यंत काही बोललो नाही. पण ते न बोलणे आधीच्या आठ दिवसांसारखे नव्हते.

पारनेरला परतल्यावर आईला सारे सांगितले. ती ओसरीवर शेंगा फोडीत बसली होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "नाव मराठीत लिहिलं होतं ना?"

"हो."

"मग पोचलं," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.